'प्रोफोन्दो रोस्सो' (1975): खुनी तुम्हाला आधीच दाखवलेला असतो! (फोर-के चकती आली एकदाची)

निशाचर

तर मंडळी, आली एकदाची. अ‍ॅरो व्हिडिओ या ब्रिटिश कंपनीने काढलेली 'प्रोफोन्दो रोस्सो'ची फोर-के (म्हणजे अतिस्पष्ट चित्राची) चकती, इंग्रजीत 'डीप रेड' म्हणतात तोच. 2021 ला निघाली तेव्हापासून डोळा ठेवून होतो, मध्ये एकदा मागवली पण कुरियरवाल्याने ड्युटी म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून पार्सल तसंच परत जाऊ दिलं, शेवटी मावसबहिणीचा नवरा लंडनहून गणपतीला आला त्याच्या बॅगेतून. जाताना भाजणी घेऊन गेला, येताना चकती आणली, हिशोब बरोबर.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दारिओ अर्जेंतो या इटालियन दिग्दर्शकाचा सिनेमा. मार्कस नावाचा इंग्रज जॅझ पियानोवाला (डेव्हिड हेमिंग्ज) रोममध्ये असतो. रात्री सामसूम चौकात कार्लो या टुन्न झालेल्या मित्राशी बोलत असताना किंकाळी ऐकू येते आणि थोड्या वेळाने वर खिडकीत एका बाईचा खून होताना त्याला दिसतो. ही बाई हेल्गा, तिला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, आणि त्याआधी एका भरसभेत तिला जाणवलेलं असतं की समोर बसलेल्यांत कुणीतरी खुनी आहे. मार्कस धावत वर जातो. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना चित्रंच चित्रं, सगळ्यांत तोंडं. पोलीस येतात, जबाब होतो, आणि मग त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो की आत जाताना मी काहीतरी बघितलं, महत्त्वाचं होतं, पण काय ते आठवत नाही. एक चित्र होतं ते आता नाहीये का?

दोन तासांहून थोडा मोठा सिनेमा या एका किड्यावर उभा आहे. आणि खरी गंमत अशी की जे मार्कसने बघितलं ते तुम्हीही बघितलेलं असतं. पहिल्या अर्ध्या तासात. काही लपवलेलं नाही, नंतर उपटसुंभासारखा नवा माणूस आणून हाच खुनी असं नाही. दाखवलं होतं की राव, तुम्ही बघितलं नाहीत.

आता माझं दुःख. मी हा पहिल्यांदा बघितला कॉलेजात असताना, स्टेशनबाहेरच्या ठेल्यावरच्या व्हीसीडीवर. दोन्ही बाजू कापलेल्या, रात्रीचा सीन म्हणजे नुसता डांबराचा पिंप, आणि त्या बोळात चित्रं आहेत हेसुद्धा मला अंदाजाने कळलं होतं. शेवटी जेव्हा सिनेमा म्हणतो "बघ, तुला दाखवलं होतं", तेव्हा मी म्हटलं कुठे दाखवलं होतं बाबा. म्हणजे लेखकाने कोडं प्रामाणिकपणे घातलं आणि चकतीवाल्याने त्यातला आकडाच पुसून टाकला.

काल रात्री साडेअकराला दिवे घालवून बसलो. सुरुवातीला टायटल्स चालू असतात, गॉब्लिन या बँडचं ते गरगरणारं संगीत, आणि मधेच टायटल्स तुटतात. लहान मुलांचं अंगाईसारखं गाणं. एक खोली, ख्रिसमसचं झाड, भिंतीवर दोन सावल्या, एक दुसरीला भोसकते, किंकाळी, सुरा जमिनीवर येऊन पडतो आणि लहान मुलाचे मोजे घातलेले पाय त्याच्याजवळ येऊन थांबतात. परत टायटल्स. जेमतेम अर्धा मिनिट. माझ्या व्हीसीडीवर इथे सावली कुठली आणि कपाट कुठलं कळत नव्हतं. काल मला झाडावरचे दिवे मोजता आले असते.

मग बोळ आला. मी पॉज केलं नाही, ठरवलंच होतं. दिसलं का? दिसलं!! अंगावर काटा.

कुणी बघितलाय का इथे? फक्त एक विनंती, खुनी कोण ते लिहू नका.

उंडगा

रुमाल टाकून ठेवतो.

बाकी त्या प्रकाराला 'जाल्लो' म्हणतात ना, म्हणजे पिवळा. म्हणजे ही इटलीतली पिवळी पुस्तकं झाली की. धागा योग्य विभागात काढलाय ना भाऊ?

निशाचर

@उंडगा येणार होताच हा प्रतिसाद, फक्त पहिला येईल असं वाटलं नव्हतं =))

पिवळी पुस्तकं नव्हे, पिवळी कव्हरं. मोंदादोरी नावाच्या प्रकाशनाने 1929 पासून रहस्यकथांची मालिका काढली, सगळ्यांची कव्हरं पिवळी, मग तिकडे रहस्यकथेलाच 'जाल्लो' म्हणायला लागले. आपल्याकडे कसं एकेकाळी रहस्यकथा म्हटलं की अर्नाळकरच. इटालियन माणसाला अगाथा ख्रिस्तीसुद्धा जाल्लोच. इटलीबाहेर मात्र जाल्लो म्हणजे हे ठरावीक सिनेमे: काळे हातमोजे, सुरा, परदेशी हिरो, आणि खून इतके देखणे की लाज वाटावी. सुरुवात दिग्दर्शक मारिओ बाव्हाने केली, 1963 आणि 64 चे त्याचे दोन सिनेमे. पण धंदा जोरात सुरू झाला तो अर्जेंतोच्या 1970 च्या पहिल्या सिनेमाने.

आणि काळ्या हातमोज्यांतले खुन्याचे हात या सिनेमात स्वतः अर्जेंतोचे आहेत. नटाला समजावत बसण्यापेक्षा स्वतःच सुरा धरलेला बरा, असा विचार असणार.

मावशी_नाशिक

मला रहस्य आवडतं पण रक्त बघवत नाही. ख्रिस्तीबाईंची पुस्तकं माझी पारायणं करून झालीत, तिथे प्रेत कसं लायब्ररीत शिस्तीत पडलेलं असतं. हा बघण्यासारखा आहे का आमच्यासारख्यांनी?

निशाचर

मावशी, खरं सांगायचं तर चार-पाच जागी डोळे मिटावे लागतील. पण रक्त अगदी खोटं आहे हो, ऑइलपेंटसारखं लालभडक. नवीन प्रिंटमध्ये तर आणखी खोटं दिसतं आणि तीच त्याची मजा आहे. उलट मला जास्त त्रास झाला तो एका लहान मुलीने सरड्याला टाचणी टोचलेली असते त्याचा. ब्रिटनमध्ये पूर्वी ते आणि कुत्र्यांच्या भांडणाचं दृश्य कापत असत, माणसांचे खून राहिले तरी चालतील पण सरडा नको. आता पूर्ण आहे.

शंकासूर

मला हा सिनेमा ओव्हररेटेड वाटतो. इतकं कौतुक करता त्या बोळाचं, आरशात तोंड दिसतं एवढंच ना? त्याला वाटतं चित्र होतं, प्रत्यक्षात आरसा होता. झालं. हे तर माझ्या पुतण्याने पण ओळखलं असतं. आणि सभेत मन वाचणारी बाई घेतलीच आहे तर तिला खुन्याचं नाव पण वाचू द्या की, नाव तेवढं उद्या सांगते म्हणे.

निशाचर

अरे!!!! काय माणूस आहेस शंकासूरा. एक विनंती केली होती, एकच.

शंकासूर

खुनी कोण हे कुठे लिहिलंय? विनंती नीट वाच. आणि सिनेमा पन्नाशीला आलेला आहे, मुदत संपली.

उंडगा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रीळवाला

भांडू नका. मी थोडं वेगळं लिहितो, कारण वीस वर्षं प्रोजेक्शन केबिनमध्ये काढली आहेत आणि या सिनेमाच्या निगेटिव्हची भानगड मला मजेशीर वाटते.

हा सिनेमा टेक्निस्कोपमध्ये शूट केलेला. साध्या 35 एमएम फिल्मवर एका फ्रेमला बाजूची चार भोकं लागतात, टेक्निस्कोपमध्ये दोनच. म्हणजे फ्रेम अर्ध्या उंचीची, आपोआप आडवी, आणि कच्ची फिल्म निम्मी लागते. इटलीत टेक्निकलरच्या तिथल्या शाखेनेच ही युक्ती काढली, दिग्दर्शक लेओनेचे काउबॉयवाले सिनेमे यातच झाले. निर्मात्याची चंगळ. पण थेटरात दाखवायला ती चपटी फ्रेम लॅबमध्ये ऑप्टिकली मोठी करून, दाबून, नेहमीच्या चार भोकांच्या फ्रेमवर उतरवायला लागायची, आणि अशा प्रत्येक पायरीला चित्र थोडं मरतं. त्यात प्रिंटची प्रिंट, तिची टीव्हीसाठी टेप, त्या टेपची व्हीएचएस आणि तिच्यावरून तुमची ठेल्यावरची व्हीसीडी. निशाचरला डांबराचा पिंप दिसला यात नवल नाही.

आता मूळ दोन भोकांची निगेटिव्ह सरळ स्कॅन केली की मधली ती ऑप्टिकल पायरीच गळाली. म्हणजे 1975 ला इटलीत तिकीट काढून बसलेल्या माणसालासुद्धा एवढं स्वच्छ दिसलं नसणार. पण दाणे (ग्रेन) मोठे दिसणारच, कारण फ्रेम मुळात लहान. ते घालवायला जाऊ नये. दाणे घासून काढले की माणसाचं तोंड मेणाचं होतं.

आणि शंकासूर, तू म्हणतोस पुतण्याने ओळखलं असतं. तुझ्या पुतण्याकडे पॉजचं बटण आहे. आमच्या केबिनमध्ये नव्हतं. ते तोंड पडद्यावर जेवढा वेळ आहे तेवढ्यात प्रेक्षकाने बघायचं, आणि त्या क्षणी सगळं पब्लिक मार्कससारखंच पुढे खिडकीकडे बघत असतं, कारण बाई तिकडे आहे. जादूगार डाव्या हाताने करतो तेव्हा तुम्ही उजव्याकडे बघता, तेच.

शंकासूर

काका, हा मुद्दा मान्य. पुतण्याचा उल्लेख मागे घेतो.

पण मग एक उलटा प्रश्न. जर तोंड न दिसणं हीच गंमत असेल, तर आता फोर-केमध्ये इतकं लख्ख करून दिग्दर्शकाच्या जादूचा पचका नाही का केला? सिनेमाच्या सुरुवातीलाच तुमचा तो मार्कस वादकांना काय म्हणतो आठवा. बँडची तालीम चालू असते, छान वाजवतात, आणि हा म्हणतो छान आहे पण फारच स्वच्छ, फारच नेमकं, जरा घाण वाजवा, हे जॅझ कोठ्यांमधून आलेलं आहे. हेच मी रिस्टोरेशनवाल्यांना (जुनी फिल्म साफसूफ करणाऱ्यांना) म्हणतो. फार स्वच्छ वाजवू नका.

निशाचर

च्यायला, हे मात्र भारी काढलंस. माफ केलं तुला.

तरी पटत नाही. स्वच्छ करणं आणि दाखवणं यात फरक आहे ना. जादूगाराचा डावा हात स्टेजवर दिव्यात असला पाहिजे, तरच ती जादू. हात काळोखात ठेवून केलं तर ती लबाडी झाली. व्हीसीडीवर लबाडी वाटत होती म्हणून तर मी तेव्हा चिडलो होतो. काल मला कळलं की माणूस खेळ सरळ खेळला होता.

अजून एक जागा अशीच आहे. आमांदा नावाच्या लेखिकेला गरम पाण्याच्या टबात मारतात, मरताना ती वाफेने धुकटलेल्या टाइल्सवर बोटाने काहीतरी लिहिते. वाफ विरते, अक्षरं गायब. नंतर एक प्रोफेसर त्या बाथरूममध्ये येतो, गरम पाणी सोडतो, भिंत धुकट होते आणि अक्षरं हळूहळू परत वर येतात. जुन्या प्रिंटमध्ये सगळंच धुकट असल्यामुळे वाफ कधी आली आणि कधी गेली याचा पत्ता लागत नव्हता. काल बघताना टाइलवरून पाण्याचा थेंब घरंगळताना दिसला. सगळा सिनेमा याच एका गोष्टीचा आहे खरं तर, भिंतीवर काहीतरी आहे आणि ते दिसायला हवं तसा उजेड किंवा वाफ किंवा अक्कल लागते. पडक्या बंगल्यात तो गिलावा खरवडून लहान मुलाने काढलेलं चित्र शोधतो तेही तेच. (तो निघून गेल्यावर गिलाव्याचा आणखी एक तुकडा पडतो, ते तो बघत नाही, आपण बघतो!)

सूरमारू

संगीतावर कुणीच बोलत नाहीये म्हणून आलो. किस्सा असा की आधी काम ज्योर्जो गास्लिनी या जॅझवाल्या संगीतकाराकडे होतं. काही तुकडे त्याचेच आहेत, ते लहान मुलांचं 'लाला लाला' गाणंही त्याचंच, खून करण्याआधी खुनी टेपवर लावतो ते. मग त्याचं आणि अर्जेंतोचं बिनसलं आणि गॉब्लिन नावाच्या पोरांच्या बँडला बोलावलं. त्यातला क्लाउदिओ सिमोनेत्ती तेव्हा बावीस-तेवीसचा. त्यांनी ते बासचं सतत फिरणारं आणि वर चर्चच्या ऑर्गनचा दणका असलेलं टायटल बनवलं आणि रेकॉर्ड इटलीच्या यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसली. खुनाच्या सिनेमाचं पार्श्वसंगीत!

ऐकताना लक्ष द्या, खून जवळ आला की संगीत बहुतेकदा घाबरवत नाही, ते मजेत असतं, धावतं, जणू खुन्याच्या डोक्यातला रेडिओ चालू आहे. आपल्याकडे अशा वेळी व्हायोलिनं कुंथतात.

आणि कृपया मोनो (एकाच वाहिनीच्या) ट्रॅकवर ऐका. 5.1 (चहूबाजूंच्या स्पीकरचा) पण दिलाय पण मूळ मिक्स मोनोचा आहे, त्यातच तो ऑर्गन छातीवर येतो.

मावशी_नाशिक

इतकं सगळं वाचून आता बघावासाच वाटतोय. आरसा कळला तरी मला चालेल, मी ख्रिस्ती दुसऱ्यांदा वाचते तेव्हा खुनी माहीतच असतो की. पण भाषा कुठली लावू? आणि आमच्या जुन्या ब्लू-रे प्लेयरवर ही चकती चालेल का? मुलाने घेऊन दिलाय, धूळ खातोय.

निशाचर

मावशी, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत म्हणून सविस्तर.

चकती: फोर-के चकतीला फोर-केचाच प्लेयर लागतो, साध्या ब्लू-रे प्लेयरवर ती दिसणारच नाही. फोर-केला रिजनची (म्हणजे कुठल्या देशांच्या प्लेयरवर चालेल त्याची) कटकट नाही, जगात कुठलीही कुठेही चालते. साधी ब्लू-रे घ्यायची तर मात्र आपण रिजन सी आणि ब्रिटनची चकती बी, न बघता मागवलीत तर चहाचा कप ठेवायला होईल. ज्यांच्याकडे पीएस 5 (प्लेस्टेशन) आहे त्यांनी त्यावर लावा, फक्त डॉल्बी व्हिजन तिथे चकतीवरून लागत नाही, साधा एचडीआर (उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारं तंत्र) दिसतो. मी तसाच बघितला, काही बिघडलं नाही.

आवृत्ती: दोन आहेत. मूळ इटालियन साधारण 127 मिनिटांची आणि परदेशी विकायला कापलेली 105 ची. लांबवाली बघा. कापलंय ते बहुतेक मार्कस आणि पत्रकार जियान्ना यांच्यातलं.

भाषा: इथे गोंधळ आहे. लांबवालीवर इंग्रजी लावलंत तर काही सीन कधी इंग्रजीत डब झालेच नव्हते, तिथे माणसं अचानक इटालियन बोलायला लागतात आणि खाली सबटायटल येतं.

शंकासूर

हो, आणि ते भयंकर आहे. हिरो दारातून आत येतो तेव्हा इंग्रज असतो आणि सोफ्यावर बसेपर्यंत इटालियन झालेला असतो. मी आधी समजलो हाच क्लू आहे.

उंडगा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). दुहेरी व्यक्तिमत्त्व, खुनी सापडला.

पण मग 'खरी' भाषा कुठली? मी तर ओरिजिनल भाषेतच बघायचं या मताचा.

रीळवाला

ओरिजिनल असं काही नसतंच त्या काळच्या इटालियन सिनेमात. सेटवर आवाज धरतच नसत, प्रत्येक नट आपापल्या भाषेत ओठ हलवायचा आणि नंतर स्टुडिओत सगळं भरायचं. त्यामुळे इटालियन ट्रॅक पण डब आणि इंग्रजी पण डब. इंग्रजीत हेमिंग्जचा स्वतःचा आवाज मिळतो, इटालियनमध्ये सलगपणा मिळतो. मी इटालियन लावेन.

मावशी_नाशिक

ठीक आहे, इटालियन. कळत नसलं तरी कानाला गोड असते.

तोरिनोकर

उशिरा आलो धाग्यावर, पण हा धागा मी सोडणं शक्य नाही कारण मी सध्या तोरिनोत (ट्यूरिन) शिकायला आहे आणि तो चौक माझ्या कॉलेजच्या वाटेवर आहे!!

सिनेमा म्हणतो रोम, पण बराचसा तोरिनोत शूट झालाय. मार्कस आणि कार्लो रात्री जिथे बोलत बसतात तो पियात्सा (म्हणजे चौक) सी.एल.एन., सान कार्लो चौकातल्या जुळ्या चर्चच्या बरोबर पाठीमागे. दोन मोठे कारंजे, त्यावर आडवे पहुडलेले दोन पुतळे, एक पो नदी आणि एक दोरा नदी, या शहरातल्या दोन नद्या. (तिकडे पो पुरुष आहे बरं का, दाढीवाला.) बाजूच्या इमारती सरळ रेषेत कापल्यासारख्या, संगमरवरी कमानी, आणि रात्री दहानंतर तिथे खरंच कुत्रं नसतं. सिनेमात आहे तो निळ्या दिव्यांचा बार शोधायला मी पहिल्याच आठवड्यात गेलो होतो, तो कधी नव्हताच, सेट होता. एडवर्ड हॉपरचं ते 1942 चं प्रसिद्ध चित्र आहे ना, रात्री काचेच्या हॉटेलात बसलेली एकटी माणसं, त्यावरून बांधलेला. परत बघा, आतली माणसं हलतच नाहीत, चित्रासारखी बसून आहेत!

सभेचा सीन आहे ते लाल पडद्यांचं थेटर म्हणजे इथलं कारिन्यानो, अजून जोरात चालू आहे. आणि पडका बंगला म्हणजे व्हिला स्कॉत, नदीपलीकडे टेकडीच्या बाजूला. प्येत्रो फेनोल्यो या वास्तुविशारदाचा, 1902 चा. लहरी खिडक्या, वळणदार लोखंडकाम. आत जाता येत नाही, खाजगी आहे, मी फाटकाच्या गजांतून बघून आलो. शूटिंगच्या वेळी तिथे नन्सची मुलींची शाळा होती आणि युनिटने नन्स आणि मुली सगळ्यांना रिमिनीला समुद्रावर सुट्टीला पाठवून बंगला मोकळा करून घेतला असं इथे सांगतात. त्या मुलींना आयुष्यभर कळलं नसेल आपल्या डॉर्मेटरीत काय काय गाडलं गेलं ते.

उंडगा

शूटिंगसाठी ननना समुद्रावर पाठवणे, हा खरा निर्माता. आमच्या सोसायटीत सिरियलवाले आले तर वडापाव पण दिला नव्हता.

तोरिनोकर

हेमिंग्जबद्दल एक अवांतर. 1966 ला अंतोनिओनी या दिग्दर्शकाच्या 'ब्लो-अप'मध्ये तोच होता, फोटोग्राफर, बागेत फोटो काढतो आणि मोठे करत गेल्यावर त्यात प्रेत दिसतं. म्हणजे बघितलं पण दिसलं नाही, हाच किडा, हाच माणूस. अर्जेंतोने तोच नट घेतला हा योगायोग वाटत नाही. आणि 'जाने भी दो यारों'मध्ये फोटो मोठा करून खून दिसतो ती बाग आठवा, तिचं नाव काय होतं? अंतोनिओनी पार्क!

निशाचर

वाह. हे डोक्यातच आलं नव्हतं.

अजून एक: जपानमध्ये हा सिनेमा 'सस्पिरिया भाग 2' म्हणून लावला होता. 'सस्पिरिया' 1977 चा, हा 1975 चा. दुसरा भाग आधी येऊन गेला. वितरक सगळीकडे सारखेच.

सूरमारू

रंगांबद्दल कुणीतरी बोला. मी कुठेतरी वाचलं की एका मोठ्या इटालियन लॅबच्या रिस्टोरेशन्समध्ये सगळं पिवळट दिसतं अशी लोकांची ओरड आहे. इथे तसं आहे का?

उंडगा

जाल्लो पिवळा दिसतोय ही तक्रार मी ऐकून घेणार नाही.

निशाचर

=)) मला तरी नाही वाटलं. कातडीचा रंग कातडीसारखा आहे, संगमरवर पांढरा आहे आणि सभेच्या सीनमधला पडदा लालच लाल, खुर्च्यांवर पण तोच लाल सांडलाय. काळा काळा राहिलाय पण त्यात कोट आणि भिंत वेगळी कळते. प्रोफेसरच्या खोलीत तो यांत्रिक बाहुला धावत येतो (कार्लो राम्बाल्दीचं काम, पुढे 'ई.टी.' बनवला तोच), त्याच्या चेहऱ्यावरचा चकचकीत रंग पण दिसतो. जत्रेतला बाहुला अंगावर यावा तसं. एकच खटकलं, एक-दोन शॉट जरा मऊ आहेत, पण ते शूटिंगचेच असावेत.

रीळवाला

पिवळेपणाचा वाद मी पण ऐकलाय, त्यात कोण बरोबर हे ठरवायला मूळ प्रिंट शेजारी लावून बघावी लागते आणि जुन्या प्रिंट स्वतःच उडून गुलाबी झालेल्या असतात. मग खरा रंग सांगणार कोण? कॅमेरामन हयात असेल तर त्याची आठवण, नाहीतर अंदाज.

जरा विषय सोडून लिहितो. इटलीतल्या बोलोन्या शहरात अशी कामं होतात, आपला 'मंथन' 2024 ला कान चित्रपट महोत्सवात दाखवला त्याच्या कामात तिथलीही लॅब होती. 'शोले' 2025 ला तिथल्याच महोत्सवात मूळ शेवटासकट दाखवला. आनंद आहेच. पण 2003 ला पुण्यात फिल्म आर्काइव्हच्या (चटकन पेटणाऱ्या) नायट्रेट रिळांना आग लागली त्यात जे गेलं त्याचं काय करणार, निगेटिव्हच नाही तर स्कॅन कशाचा. इटलीतल्या एका खूनबाजीच्या सिनेमाची निगेटिव्ह पन्नास वर्षं कुणीतरी नीट सांभाळली, मला त्याचाच हेवा वाटला.

शंकासूर

काका +1.

मावशी_नाशिक

बघितला!! मुलाच्या प्लेस्टेशनवर, निशाचरच्याच चकतीवर. (तो कामासाठी नाशिकला आला होता, स्वतः आणून दिली, पोहे खाऊन गेला. चांगला मुलगा आहे, इथे उगाच भांडतो.)

डोळे पाच वेळा मिटले. लिफ्टच्या तिथे सहाव्यांदा.

आधी मला आवडलेलं सांगते. मार्कस आणि जियान्नाची पंजा लढवायची जागा. तो म्हणतो बायका नाजूक असतात वगैरे आणि ती दोनदा त्याचा हात टेबलावर पाडते आणि हा बावळटासारखा म्हणतो तू चीटिंग केलीस. आणि तिची ती खेळण्यासारखी गाडी, तो बसला की सीट खाली जाते आणि ती वर, तो शाळेतल्या मुलासारखा दिसतो. हे परदेशी विकताना कापलं म्हणता? मग ठेवलं काय? मला तर खुनांपेक्षा हेच बघायचं होतं.

आता आरसा. मला माहीत होतं की तिथे आरसा आहे, तरी मला तोंड दिसलं नाही! पण एक खटकलं. आमच्या यांचं फोटो फ्रेमिंगचं दुकान होतं मेनरोडला, तीस वर्षं मी चौकटी बघितल्यात, तर त्या भिंतीवरच्या सगळ्या चौकटींत एका जागी काच वेगळी चमकते असं मला वाटून गेलं. चित्रावर काच असली तर चमक वरून येते, आरशाची खोल असते. मी यांना म्हटलं सुद्धा, तिथे काहीतरी आहे. हे म्हणाले गप्प बघ. मग पॉज करून मागे नेलं आणि दिसलं, आणि मी खरंच ओरडले, शेजारच्या वहिनी विचारायला आल्या.

निशाचर

मावशी!!! वर लिफ्टचं लिहिलंत तेवढं पुरे, पुढचं काही लिहू नका हां, वाचणारे अजून आहेत.

मावशी_नाशिक

नाही लिहीत. फक्त एक विचारायचं होतं. अगदी शेवटी तो उभा असतो आणि खाली रक्ताचं थारोळं असतं त्यात त्याचंच तोंड दिसत राहतं आणि त्यावरच नावं यायला लागतात. म्हणजे पहिला आरसा त्याला चित्र वाटला आणि हा दुसरा आरसा त्याला दिसतोय, तो त्यात बघतोय, हलतच नाही. तुम्ही एवढे सगळे आरसा आरसा करत होता, या दुसऱ्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

शंकासूर

...

निशाचर

मी चार वेळा बघितलाय हो हा सिनेमा.

उंडगा

मावशी, पोह्यांचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मला पण चकती पोचवायची आहे कुठलीतरी.